'पानिपत' आम्ही का वाचू नये?

ऐतिहासिक कादंबरी मुसलमान बाईच्या हातात दिसली की दोन्हीकडची माणसे अस्वस्थ होतात. घरातले म्हणतात, "अगे, उसमें अपनेकूच गाल्याँ हैं, कायकू पढती?" बाहेरचे म्हणतात, "अरे वा, तुम्ही पण हे वाचता?" पहिल्या बोलण्यात काळजी आहे, दुसऱ्यात कौतुक आहे; पण दोन्हींचा मथितार्थ एकच, की हे पुस्तक तुमचे नव्हे. मला हे मान्य नाही. विश्वास पाटील यांची १९८८ साली आलेली 'पानिपत' मी आजवर तीनदा वाचली आहे आणि तिन्ही वेळा ती मनापासून आवडली आहे. हा आनंद मी कोणाची परवानगी काढून मिळवलेला नाही, आणि तो घेतल्याबद्दल कोणापुढे खुलासा करायचीही माझी तयारी नाही. उलट खुलासा मलाच मागायचा आहे. जे वाचू नका म्हणतात त्यांच्याकडून, जे न वाचताच त्यातला इतिहास आमच्या अंगावर फेकतात त्यांच्याकडून, आणि जे लिहू शकतात पण लिहीत नाहीत त्या आपल्या लेखकांकडूनही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. राहते नातेपुत्यात, माळशिरस तालुक्यात, पुण्याहून फलटणमार्गे पंढरपूरला जाणाऱ्या रस्त्यावर. सातवीच्या वर्गाला मध्ययुगाचा इतिहास असतो. सुलतानशाहीपासून मराठेशाहीच्या अखेरीपर्यंतचा सारा काळ त्यात येतो आणि त्यातच कुठेतरी १४ जानेवारी १७६१ हा दिवस येतो. पाठ्यपुस्तकात त्याला थोडीशी जागा असते. कोण लढले, कोण हरले, परिणाम काय झाले, आणि खाली स्वाध्याय. परीक्षेला एवढे पुरते. माणूस समजून घ्यायला पुरत नाही. त्या ओळींच्या मागे दहा महिन्यांचा प्रवास आहे, उपासमार आहे, पगारासाठी धन्याशी भांडणारे शिपाई आहेत, परमुलखात हरवलेल्या बायका आहेत. हे सगळे दाखवायला जाडजूड कादंबरीच लागते.

आधी आनंदाबद्दलच बोलते, कारण आपल्या चर्चासत्रांत नेमका त्यालाच वेळ उरत नाही.

पहिला आनंद भाषेचा. उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला मराठी कादंबरी अवघड जाईल असे अनेकांना वाटते. सामाजिक कादंबरी एखादे वेळी जाईलही. पण मध्ययुगातली ऐतिहासिक कादंबरी उघडली की मला आपल्याच मोहल्ल्यात शिरल्यासारखे वाटते. फौज, मोहीम, मुक्काम, कूच, रसद, खलिता, सनद, मुलूख, रयत, शिलेदार, बारगीर, शिबंदी, हरकारा. यांतला एकही शब्द मला शब्दकोशात बघावा लागत नाही. 'पेशवा' हा शब्द फारसी. 'बाजारबुणगे' हा पानिपतच्या कहाणीत सारखा भेटणारा शब्दही फारसीतूनच आलेला. एवढेच कशाला, सदाशिवरावांना सारा महाराष्ट्र ज्या नावाने ओळखतो त्या 'भाऊसाहेब' या नावातला 'साहेब' अरबी आहे. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. त्यानंतर आठ दशके उलटली तरी पेशव्यांच्या दफ्तरातली मराठी या शब्दांवाचून चालत नव्हती. मग ही भाषा परकी कोणाला? माझ्या वर्गातल्या मुलांना ती अर्धी आधीच येते. फक्त कोणी त्यांना तसे सांगितलेले नाही.

दुसरा आनंद लांबीचा. आजकाल लांब पुस्तकाला लोक भितात. आपण तरी भिऊ नये. ज्या जबानीत दास्तान-ए-अमीर हम्जा रात्रीमागून रात्र सांगितली गेली, तिलिस्म-ए-होशरुबाचे खंडच्या खंड छापले आणि वाचले गेले, त्या जबानीच्या वारसांनी जाड पुस्तकाला का घाबरावे? लांब कादंबरीचे सुख मुक्कामांत असते. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज पटदूरहून निघते. बुऱ्हाणपूर, ग्वाल्हेर, दिल्ली, कुंजपुरा असे करत ती पानिपतला पोचते. वाचणाऱ्याचेही दिवस जातात. तो रोज थोडे चालतो. शेवट ठाऊक असतो, तरी चालतो.

नातेपुत्याच्या माणसाला या प्रवासातली एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. एका रात्रीसाठी गावात गावाच्या कितीतरी पट माणूस येतो. त्याला पाणी लागते, सरपण लागते, शौचाची जागा लागते, दवाखाना लागतो. रस्ता डांबरी आहे, टँकर आहेत, सरकारी यंत्रणा महिनाभर आधीपासून कामाला लागते, प्रत्येक आळी आपापल्या परीने चूल पेटवते, आणि तरीही त्या रात्री गाव दमून जाते. आता पानिपतच्या तळावर लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्या जास्त होती हे लक्षात घ्या. उत्तरेतली तीर्थे फौजेच्या सोबतीने घडतील म्हणून निघालेले यात्रेकरू, त्यांची बायकापोरे, दुकानदार, नोकर. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दक्षिणेची वाट अडवली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची आशा खुंटली. अडीच महिने ती सारी माणसे एका जागी अडकून पडली. एका रात्रीचा मुक्काम काय असतो हे ज्या गावाने पाहिले आहे, त्या गावातल्या बाईला त्या अडीच महिन्यांची पाने वाचताना पोटात खड्डा पडतो. त्या वेळी मी कोणत्या धर्माची आहे हे माझ्या ध्यानातही नसते. धान्य किती उरले, एवढेच मी मोजत असते.

तिसरा आनंद थोडा कडू आहे. 'पानिपत' ही पराभवाची कादंबरी आहे. जिंकलेल्यांच्या कहाण्या ऐकायला सोप्या असतात, पण हरलेल्यांची कहाणी ऐकायला कान तयार व्हावा लागतो. आमचा कान करबलाच्या कथेने तयार केलेला आहे. तहान, वेढा, संख्येने कमी पडलेली माणसे, आणि तरी मागे न हटणे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणून पानिपतचे दुःख कळण्यासाठी आम्हाला वेगळे मराठी काळीज बसवून घ्यावे लागत नाही. जे आहे तेच पुरते.

आता वादाकडे येते. २०२५ साली, गावोगावी एका ऐतिहासिक चित्रपटाची हवा असताना, सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "टीचर, हम किसकी तरफ थे?" बारा-तेरा वर्षांचे पोर. प्रश्न विचारताना त्याने आवाज बारीक केला होता, यावरूनच मला कळले की हा प्रश्न त्याचा नाही. तो कोणीतरी त्याच्या दप्तरात घालून दिलेला आहे. मी फळ्यावर दोन रकाने आखले आणि पानिपतची नावे लिहू लागले. भाऊसाहेबांच्या बाजूला इब्राहिमखान गारदी, तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा सरदार. त्याच बाजूला बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर, जो त्या दिवशी जखमी झाला आणि पुढे भरतपूरच्या मुलखात वारला. समोरच्या बाजूला अब्दाली, नजीबखान रोहिला, आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला. पण त्या शुजाच्या फौजेत अनुपगीर गोसावी आणि त्याचे नागा गोसावी. त्याच शुजाच्या पदरी काशीराज पंडित, ज्याने पुढे या लढाईची हकीकत फारसीत लिहून ठेवली. आणि दोन्ही रकान्यांच्या बाहेर सूरजमल जाट, ज्याने लढाईआधी भाऊंची साथ सोडली, पण लढाईनंतर पळून आलेल्या मराठ्यांना अन्न आणि आसरा दिला. फळा भरला, पण मुलाच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही रकान्यांत मावेना.

काशीराजाच्या हकीकतीत इब्राहिमखानाचा एक प्रसंग आहे, तो मी मुलांना मुद्दाम सांगते. आपल्या शिपायांना पगार वेळेवर मिळावा म्हणून तो सतत आग्रह धरी आणि त्यामुळे भाऊसाहेबांची त्याच्यावर नाराजी असे. लढाईच्या सकाळी तो भाऊंकडे गेला आणि म्हणाला की त्या पगाराची फेड आज होईल. मग त्याच्या गारद्यांनी समोरच्या रोहिल्यांवर चाल केली आणि त्यांतले बहुतेक तिथेच पडले. तो स्वतः पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत त्याचा अंत झाला. मुसलमान मुसलमानाशी लढला, पेशव्याच्या निशाणाखाली लढला, आणि भांडला तो शिपायांच्या पगारासाठी. ज्याला पगार थकल्याचा अनुभव आहे त्याला हा माणूस समजायला कोणत्याही धर्माची गरज लागत नाही.

पण इथेच आपल्या लोकांचे एक दुखणे सुरू होते आणि त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. इब्राहिमखान भेटला की आपले वक्ते त्याला पकडून व्यासपीठावर आणतात. सोबत आग्र्याला महाराजांचे पाय चेपत बसलेला मदारी मेहतर येतो, आरमाराचा दौलतखान येतो, सिद्दी हिलाल येतो. मदारी मेहतर खरोखर होता की नाही यावर इतिहासकारांत वाद आहे, पण वक्त्याला त्याची फिकीर नसते. त्याला यादी हवी असते. मग तो सभेला विचारतो, "बघा, आम्हीही निष्ठावान होतो की नाही?" हे वाचन नव्हे, ही दाखल्यासाठी तहसीलदार कचेरीत लावलेली रांग आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सरदाराच्या सहीने आजच्या माणसाने स्वतःचे इमान सिद्ध करावे, हा अपमान आपण आपल्याच हाताने करून घेतो. मला इब्राहिमखान आवडतो तो निष्ठावान म्हणून कमी, आणि आपल्या माणसांच्या पगारासाठी धन्याशी भांडतो म्हणून जास्त. नजीबखान मला आवडत नाही. तो मुसलमान आहे म्हणून त्याची बाजू घ्यावी असे मला एकाही पानावर वाटले नाही. पण कादंबरीत तो आला की पाने भराभर उलटली जातात हेही खरे. कपटी माणूस वाचायला गोड असतो. एवढे स्वातंत्र्य इतर सगळ्या वाचकांना आहे, तेवढेच मला हवे.

"उसमें अपनेकूच गाल्याँ हैं" या तक्रारीतही तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. मराठी ऐतिहासिक कादंबरीत एक ठरावीक खान असतो. तो दाढी कुरवाळतो, गडगडाटी हसतो, मांसाची ताटे रिकामी करतो, जनान्यात लोळतो आणि शेवटी फसतो. त्याला आई नसते, ताप येत नाही, झोप उडत नाही. असा खान मी किती पुस्तकांत पाहिला याची गणती नाही. पण त्याच्याविरुद्धची माझी पहिली तक्रार धर्माची नसून कसबाची आहे. ज्या लेखकाला शत्रू उभा करता येत नाही, त्याचा नायकही लाकडीच निघतो. कारण लाकडी शत्रूला मारण्यात शौर्य ते कसले? आणि ही तक्रार करायची तर पुस्तक वाचून, पान दाखवून, लिहून करावी लागेल. पुस्तक मिटून ठेवणाऱ्याला ती करताच येणार नाही. समीक्षेचा हक्क वाचणाऱ्याचा असतो, रुसून बसणाऱ्याचा नाही.

शिवाय हा आरसा आपल्याकडेही फिरवून पाहू. उर्दू घरांत नसीम हिजाजींच्या कादंबऱ्या पिढ्यानपिढ्या वाचल्या गेल्या. मुहम्मद बिन कासिम, अंदलुस, टिपू सुलतान. त्यांतला मुजाहिद देखणा, पाक, कधी न चुकणारा, आणि समोरचा राजा कपटी, भेकड. तिकडे आपण टाळ्या वाजवायच्या आणि इकडच्या खानावर मात्र आक्षेप घ्यायचा, हे प्रामाणिकपणाचे नाही. लाकडी खान आणि लाकडी राजा एकाच सुताराच्या हातचे आहेत. उर्दूतच शम्सुर्रहमान फारूकींनी २००६ साली 'कई चाँद थे सरे आस्माँ' ही भलीमोठी कादंबरी दिली. त्यात कोणी जिहाद जिंकत नाही. माणसे आहेत, कपडे आहेत, शेर आहेत, प्रेम आहे, एक बुडत चाललेली दुनिया आहे. ती वाचलेल्या माणसाला हिजाजींच्या तलवारीचा खडखडाट पोकळ वाटू लागतो. चांगली कादंबरी वाईट कादंबरीवर उतारा असते. बंदी हा उतारा नव्हे, वाचन हाच उतारा.

आता दुसऱ्या बाजूकडे वळते. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' हा हिंदी चित्रपट आला. शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. शिर्के घराण्याच्या वंशजांनी चित्रणावर आक्षेप घेतला, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रपट कादंबरीवर बेतल्याचे सांगितले. ठीक. पण टॉकीजच्या बाहेर आमच्या पोरांकडे रोखून बघणाऱ्यांसाठी मात्र तो शंभर टक्के इतिहास होता. म्हणजे जाब विचारला की ती कादंबरी, आणि जाब विचारायचा असला की तो पुरावा. ही सोय कोणाची? मार्चमध्ये खुलताबादची कबर हटवण्याच्या मागणीवरून आंदोलने झाली, आणि १७ मार्चला नागपुरात दंगल होऊन संचारबंदी लागली. विधानसभेत खुद्द मुख्यमंत्र्यांनी सांगितले की या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग पुन्हा उफाळला आहे. त्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणत होते, कारण मोगलांचा खजिना तिथे पुरला आहे अशी समजूत चित्रपटामुळे पसरली होती. आपण त्या खणणाऱ्यांना हसलो. पण नागपूरचे दगड आणि असीरगडची कुदळ यांच्यामागची समजूत एकच आहे. गोष्टीत पाहिले ते जसेच्या तसे जमिनीत असणार. एकाने जमिनीत सोने शोधले, दुसऱ्याने शेजारच्या मोहल्ल्यात औरंगजेब शोधला.

या सगळ्यावर काही शहाणे म्हणतात की दोष ऐतिहासिक कादंबऱ्यांचाच, त्यांनीच डोकी भडकावली. मी हे मानत नाही. ज्यांनी दगड उचलले त्यांतल्या कितीजणांनी सावंतांची ती जाडजूड 'छावा' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली असेल? तीस सेकंदांच्या व्हिडिओला दगड उचलायला लावता येतो, कारण तेवढ्या वेळात शत्रूचा फक्त चेहरा दिसतो. लांब कादंबरीत लेखकाला शत्रूच्या तंबूत जावेच लागते. त्याला जेवू घालावे लागते, त्याच्या मुलांची भांडणे सांगावी लागतात, त्याच्या म्हातारपणाला काठी द्यावी लागते. ना. सं. इनामदारांनी १९७० मध्ये 'शहेनशहा' लिहिली ती औरंगजेबावर, आणि मराठी वाचकाने ती विकत घेऊन वाचली. एका मराठी लेखकाने त्या माणसाला नायकाच्या जागी बसवून शेकडो पाने लिहिली तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की महाराष्ट्रात ऐतिहासिक कादंबरी जास्त वाचली जाते हे संकट नाही. ती वाचायचे सोडून तिचे तुकडे मोबाइलवर फिरवले जातात, हे संकट आहे.

कादंबरी इतिहास नसते हे मुलांना शिकवायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. दोन पुस्तके शेजारी ठेवावी लागतात. 'पानिपत'शेजारी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा पानिपतवरचा ग्रंथ ठेवा. 'छावा' आणि 'शहेनशहा' यांच्याशेजारी सेतुमाधवराव पगडींनी फारसीतून मराठीत आणलेली मोगल दरबाराची बातमीपत्रे ठेवा. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला तर नरहर कुरुंदकरांची पत्ररूप दीर्घ प्रस्तावनाच आहे. कादंबरीच्या दारातच एक चिकित्सक उभा करण्याचा मोठेपणा त्या लेखकाने दाखवला. आजचे किती वाचक ती प्रस्तावना ओलांडून थेट गोष्टीत उडी मारतात? आणि पगडींचे नाव आपल्या उर्दू शाळांत किती जणांना ठाऊक आहे? मराठ्यांचा इतिहास समजायला फारसी यावी लागते, हे ज्या माणसाने आयुष्यभर काम करून दाखवले, त्याची पुस्तके खरे तर आपल्या मुलांच्या हातात सर्वांत आधी असायला हवीत. फारसीच्या सर्वांत जवळची मुले तीच आहेत.

आता शेवटचा खुलासा, आपल्या लेखकांकडून. १९९० साली आपल्याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुसलमान मराठीत लिहितो हे मान्य करायला लावले. त्यानंतर कविता आल्या, कथा आल्या, आत्मकथने आली, वैचारिक लेखन तर भरपूर आले. मोठी ऐतिहासिक कादंबरी मात्र आपल्या नावावर फारशी नाही. का नाही? विषय नाही म्हणावे तर आपण विषयावरच राहतो. १६८९ च्या सुरुवातीला औरंगजेबाची छावणी इथून जवळ अकलूजला होती. १६९५ ते १६९९ ती मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. माचणूरचा किल्ला आजही तिथे उभा आहे. ऑक्टोबर १७०० मध्ये सांगोल्याकडच्या खवासपुरात रात्री माण नदीला पूर आला, छावणीत हाहाकार उडाला आणि त्या धावपळीत बादशहाचा पाय कायमचा अधू झाला. एवढा ऐवज दाराशी पडलेला असताना आपण लिहितो काय, तर "इतिहासात मुसलमानांवर अन्याय झाला" असे निबंध. निबंध हवेतच, मीही हा लिहितेच आहे. पण सातवीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाला निबंध पुरत नाही.

त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर रकान्यांच्या खाली आहे. मी त्याला विचारले, तुझ्या पणजोबांचे काम काय होते? तो म्हणाला, शिकलगारीचे. म्हणजे तलवारीला, सुरीला, विळ्याला धार लावायचे. मग हा मुलगा कोणाच्या बाजूचा? दोन्ही बाजूंच्या तलवारी ज्याच्या सहाणेवरून गेल्या त्याच्या बाजूचा. आपल्यातले बहुतेक लोक तख्तावर नव्हते. कोणी पिंजारी होते, कोणी तांबोळी, कोणी अत्तार, कोणी बागवान, कोणी घोड्याला नाल ठोकणारे नालबंद, कोणी गावगाड्यातले मुलाणी. बादशहा मेला तेव्हा त्यांच्या घरात जे शिजत होते तेच दुसऱ्या दिवशीही शिजले. बादशहांची वकिली करण्यात आणि बादशहांबद्दल माफी मागण्यात आपण आपल्या खऱ्या पूर्वजांना विसरलो. त्यांच्यावर कादंबरी लिहिलीत तर ना दाखला लागेल, ना माफी.

म्हणून मागणी साधी आहे. उर्दू माध्यमाच्या शाळांच्या ग्रंथालयांत 'पानिपत', 'श्रीमान योगी', 'छावा', 'शहेनशहा' ठेवा, शेजारी शेजवलकर आणि पगडी ठेवा, आणि मुलांना आनंदाने वाचू द्या. आक्षेप घ्यायला त्यांचे ती शिकतील. मराठी शाळांनी फारूकी ठेवावेत. त्या कादंबरीचे भाषांतर नसेल तिथे ते करून मागावे. आणि आपल्या लेखकांनी चाळीस पानांच्या पुस्तिका थोड्या बाजूला ठेवून पाचशे पानांची एक कादंबरी लिहावी. सुरुवात सुचत नसेल तर ब्रह्मपुरीच्या पाण्यापासून करा. चार वर्षे त्या अफाट छावणीला भीमेचे पाणी पखालीतून कोणीतरी वाहून नेत होते. तो भिश्ती कोण, कुठला, त्याची बायको त्याच्यासोबत होती की गावी, त्याला पगार मिळे की थके, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याला नाव तुम्ही द्या.